एकहाती कोट

"उसवताना टाका कापायचा, कापड नाही. हात थरथरत असला तर कात्री खाली ठेव, पाणी पी आणि मग परत बस."

ताईनं हे सांगितलं तेव्हा धाकटी अकरा वर्षांची होती आणि एका जुन्या उशीचा अभ्रा फाडून रडत बसली होती. आता तिनं पन्नाशी ओलांडली होती. जुन्या कपड्यांच्या दुकानात, पडद्यामागच्या हातभर जागेत बसून ती रफू करायची, आणि गल्लीतले सगळे तिला रफू याच नावानं हाक मारायचे. ताईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी कात्री उचलली की आधी तो आवाज कानाशी यायचा.

रोज सकाळी पहिला टाका ती ताईचं नाव घेऊन घालायची. त्यात कधी खंड पडला नव्हता. दुसरा टाका ती आणखी एका बाईच्या नावानं घालायची, आणि तो जरा जोरात टोचायची. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. देवापुढेही ती ते नाव ओठांत ठेवायची.

दुकान होतं औषधवाला आणि किल्ल्या करणारा यांच्या मध्ये. बायका अंगाला न होणारे, मनातून उतरलेले कपडे आणून ठेवायच्या. विकले गेले तर ठीक, नाही तर तीन महिन्यांनी परत न्यायच्या. दुकानवालीनं हँगर मापाप्रमाणे नाही, रंगाप्रमाणे लावले होते. म्हणायची, "बाई आधी रंग बघते, पोट तिला नंतर आठवतं."

एरवी ती तोंडाळ पण मऊ होती. वास आणि खोटेपणा, या दोन बाबतींत मात्र कडक. प्रत्येक कपडा आधी हुंगायची. आणि प्रत्येकीकडून चिठ्ठी लिहून घ्यायची, तीही जिची तिच्या अक्षरात: वस्तू कुणाची, कधीपासून, कशी आली. एकदा कुणीतरी चोरीची शाल ठेवून गेलं होतं आणि हिला आठवडाभर चौकीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. चिठ्ठीतलं खोटं निघालं, तर वस्तू चिठ्ठीसकट मालकिणीच्या दारात, हातोहात परत. मग ती कितीही मोठ्या घरची असो.

जी वस्तू एकाच मालकिणीकडे राहिली, तिला दुकानवाली एकहाती म्हणायची. एकहाती वस्तूला काचेतली जागा मिळायची, रस्त्यावरून दिसेल अशी.

त्या दुपारी काळा चष्मा लावलेली एक बाई आली. गाडी तिनं पलीकडच्या वळणावर उभी केली होती.

"हे आपलं जुनं काही काही," ती म्हणाली. "घर बदलतेय. कपाटं रिकामी करायची आहेत. माझ्या भागात असलं दुकान नाही."

"असलं दुकान प्रत्येक भागात असतं, मॅडम," दुकानवाली म्हणाली. "ओळखीच्या नजरा मात्र आपल्याच भागात असतात. बसा."

बाई कसनुशी हसली. एकेक कपडा बाहेर आला. शेवटी गर्द हिरव्या मखमलीचा कोट निघाला, तेव्हा दुकानवालीचं हुंगणंसुद्धा थांबलं.

"हा कुठला?"

"माझाच. म्हणजे माझ्या बुटीकमधला. आता बटणं लागत नाहीत."

"कोटाचा काय दोष. एकहाती आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याशिवाय कुणाच्या हाती गेलाय का? एकहाती असला तर काचेत लावते. नाही तर आहेच मागची रांग."

मागची रांग म्हटल्यावर बाईचा चेहरा उतरला. "मागे कशाला? एकहातीच आहे. मशीनवरून निघाला तो सरळ माझ्या कपाटात. एकोणीस वर्षं. दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागलेला नाही."

"मग तसंच लिहा. तुमच्या अक्षरात. महिना आठवत असेल तर तोही."

"न आठवायला काय झालं? त्याच महिन्यात तर आमची नवी जागा सुरू झाली." आणि बाईनं वळणदार अक्षरात सगळं लिहून खाली सही केली.

ती गेल्यावर कोट चिठ्ठीसकट पडद्याआड आला. "खालचं बटण लोंबतंय आणि डाव्या खिशापाशी अस्तर सुटलंय," दुकानवाली म्हणाली. "संध्याकाळपर्यंत काचेत हवा."

रफूनं कोट मांडीवर घेतला. शिवण हाताला लागली आणि बोटं जागच्या जागी थबकली. काजांची कड इतकी दाट घालणारी तिच्या माहितीत एकच होती. तिनं सुटलेलं अस्तर दोन बोटांनी वर उचललं. खिशाच्या मागे पिवळ्या दोऱ्याची गाठ होती, मोहरीच्या दाण्याएवढी.

ताई प्रत्येक कपड्याला अशी गाठ घालायची. ती शिवायची त्या बुटीकमधल्या बाकीच्या चौघी शिवणारणी तिला चिडवायच्या, "आली बघा, कपड्याला तीळ लावायला."

एकोणीस वर्षांपूर्वी त्याच चौघींसमोर ताईची पिशवी कापणीच्या टेबलावर उपडी केली होती. एका गिऱ्हाइकाचा हिरवा कोट नाहीसा झाला होता आणि मॅडमनी बोट दाखवलं होतं ताईकडे. पिशवीतून डबा, चष्मा आणि पिवळ्या दोऱ्याचं रीळ निघालं. "विकून मोकळी झाली असेल," मॅडम म्हणाल्या होत्या. त्यानंतर कुठल्याच शिवणकामाच्या दारात ताईला उभं केलं नाही. पुढे पुढे ती घरातलंसुद्धा बटण लावायला कचरायची. जायच्या आधी म्हणाली होती, "जिथं माझी पिशवी उपडी केली ना, तिथंच कुणीतरी खरं सांगायला हवं. घरात सांगून काय उपयोग?"

"मी सांगेन," धाकटी म्हणाली होती.

म्हणजे कोट कधी चोरीला गेलाच नव्हता. बाईच्या मनात भरला, गिऱ्हाइकाला चोरी झाली म्हणून सांगितलं, आणि चोरीला चोर लागतो म्हणून ताई.

रफूनं चिठ्ठीवरचं नाव आणि महिना वाचला. रोजच्या दुसऱ्या टाक्याचं नाव, आणि ताईची पिशवी उपडी झाली तोच महिना.

तिनं कात्री उचलली. मखमल अशी होती की एका ओढीत पाठीपासून खालपर्यंत उभी चिरली असती. किंवा दोन्ही खांद्यांची शिवण आतून निम्मी सोडून कोट तसाच परत धाडायचा, म्हणजे भर समारंभात बाईनं हात वर केला की बाह्या गळून पडतील. हे चित्र तिनं डोळ्यांसमोर चांगलं घोळवलं. गोड लागलं ते. मग तिला दिसलं की कात्रीचं टोक थरथरतंय.

तिनं कात्री खाली ठेवली. पाणी प्यायली. परत बसली.

मग खिशाच्या बाजूचे टाके एकेक करून कापले, वीतभर. मखमलीला ओरखडा उठू दिला नाही. अस्तर बाहेरच्या अंगाला दुमडून टाचण्या लावल्या. आता तीळ लांबूनही दिसत होता.

"हे काय केलंस?" दुकानवाली पडद्यात डोकावून म्हणाली. "शिवायला दिला होता, सोलायला नाही."

रफूनं सगळं सांगितलं. तिचा आवाज एरवीइतकाच हळू होता. दुकानवालीला दोनदा पुढे झुकावं लागलं.

"हे बघ," दुकानवाली म्हणाली, "माझं दुकान लोकांच्या झाकल्या मुठीवर चालतं. उद्या बाया म्हणतील, इथं कपडा ठेवला की गावभर होतं."

"मी चुगली कुठं करतेय? चिठ्ठीत लिहिलंय, कोट माझा, मशीनवरून सरळ माझ्या कपाटात. तो गिऱ्हाइकाचा होता आणि मधे एक बाई चोर ठरली, ते लिहायचं राहिलंय. खोटी चिठ्ठी निघाली की काय करतेस तू?"

दुकानवालीनं चिठ्ठी वाचली, मग गाठ पाहिली, मग पुन्हा चिठ्ठी. "परत करते."

"कशी?"

"हातोहात. चिठ्ठीसकट." तिनं सुस्कारा सोडला. "माझाच नियम माझ्या गळ्यात घालतेस होय गं? दिसतेस तेवढी गरीब नाहीस तू."

"पत्ता घरचा दिलाय की दुकानाचा?"

"बुटीकचा. घर बदलतेय ना." दुकानवालीनं घड्याळाकडे पाहिलं. "आता गिऱ्हाइकं असतील तिथं. मशीनवर बायका असतील."

"त्या चौघींतल्या दोघी अजून तिथंच आहेत. मी दरवर्षी काचेतून बघून येते." रफूनं पायात चपला सरकवल्या. "त्यांना तीळ दाखवते. चिठ्ठी मोठ्यानं वाचायची त्यांनीच. बाईंचं अक्षर त्या ओळखतात."

"आणि बाई आरडाओरडा करायला लागली तर?"

"करू दे. माणसं जमतील."

दुकानवाली उठली. मग गल्ल्यामागून जाड कागदाची मोठी पिशवी काढून तिनं स्वतः कोटाची घडी घातली, टाचण्या वर राहतील अशी. "एवढा सुरेख कोट, आणि एकहाती नाही निघाला."

"आहे की," रफू म्हणाली. "ताईच्या हातचा."

तिनं चिठ्ठी कोटावर ठेवली, आपल्या खिशात ताईचं पिवळ्या दोऱ्याचं रीळ आहे ना ते चाचपलं, आणि पडदा सारून, हँगर हलणार नाहीत इतक्या बेतानं रांगांमधून वाट काढत दुकानाबाहेर पडली.