कालची मुलगी

आजोबांनी गिफ्ट कार्डांची गड्डी काउंटरवर ठेवली आणि कॅशियरने काही बोलायच्या आतच ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल चालू होता. आतला माणूस अगदी अदबीने सांगत होता, की थकलेला कर आज भरला नाही तर संध्याकाळी अटक होईल.

तिने त्यांना लगेच ओळखलं. कालही हेच आजोबा, खिशात असाच चालू फोन. काल तिने विचारलं होतं, "कोणासाठी?" तर "नातवासाठी," असं ते पढवल्यासारखं बोलले होते. असल्या फसवणुकीबद्दल दुकानाने सगळ्यांना बसवून समजावलेलं; न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. पण मागे रांग चुळबुळत होती, आणि गिऱ्हाइकाला नसत्या चौकशा केल्या म्हणून मॅनेजरने नुकतीच तिची चारचौघांत हजेरी घेतली होती. तिने मुकाट्याने बिल केलं होतं. घरी गेल्यावर लेकीवर उगाच खेकसली होती.

आता तिने मशीनमधून कागद फाडला आणि मागे ठळक लिहिलं: 'कर खातं कधीच गिफ्ट कार्ड मागत नाही. हे चोर आहेत. फोन बंद करा.'

आजोबांनी चष्मा नाकावर ओढला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. खिशातली अदब एव्हाना उतरली होती. तो माणूस चक्क दरडावत होता. बटण सापडेना म्हणून आजोबांनी फोन तिच्याच हातात दिला. तिने तो बंद केला.

"मग कालचे?" त्यांनी विचारलं.

"कार्डांवरचे नंबर सांगितलेत त्यांना?"

"सगळे वाचून दाखवले. हिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते गं ते. तिला अजून बोललो नाहीये."

"कार्ड कंपनीला आत्ता फोन लावू. पावती घेऊन पोलिसांत पण जा. मिळतील असं नाही सांगू शकत मी."

गडबड ऐकून मॅनेजर धावत आला. आजोबांनी त्याचा हात धरला.

"साहेब, या पोरीने वाचवलं हो मला!"

"आमचा स्टाफ तयारच आहे तसा," मॅनेजर म्हणाला. त्याची छाती चांगलीच फुगली. रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काल दुसरी कोणी मुलगी होती," आजोबा सांगू लागले. "मी इतका घाबरलेलो, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पण तिला रागावू नका हं, साहेब. तिला बिचारीला काय कल्पना!"

काल काउंटरवर कोण होतं हे मॅनेजरला ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. गप्प बसणं किती सोपं होतं. काल ते तिला जमलंही होतं.

"तिला कल्पना होती, आजोबा," ती म्हणाली. "कालही मीच होते."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. आजोबांनी मॅनेजरचा हात सोडला आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.