उत्तमकाकांनी दिलेला सूर

मी पेटी बोलतेय. दुकानातल्या पाटीवर मला हार्मोनियम म्हणतात, पण कल्याण स्टेशनजवळच्या आमच्या लहानशा मराठी चर्चमध्ये मी पेटीच. संचिताचं मौन माझ्या आवाजाने मोडलं, म्हणून ही हकिकत मीच सांगितलेली बरी.

संचिता परदेशातून शिकून परत आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपली माणसं गडबडीला कंटाळलेली असतील. कुणीतरी शांततेचं दार उघडून द्यायचा अवकाश, ती आपसूक आत येतील. तिला भेटली ती वेगळीच माणसं. शेजारचा दोन मिनिटं गप्प बसला तर 'बरं वाटत नाही का?' असं विचारणारी.

माझा जन्म दादरच्या एका कारखान्यातला. सागवानी अंग, पितळी सूर, कातडी पट्ट्या लावलेला भाता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका नाताळाच्या आधी चर्चच्या मंडळीने मला इथे आणलं. तेव्हापासून माझ्यावर एकाच माणसाची बोटं फिरली, उत्तम साळवे यांची. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. हातावर ग्रीसचा वास असायचा, पण बोट पट्टीवर पडायचं ते हलकं.

आमच्याकडे एक रीत आहे. प्रार्थना करताना कुणी अडलं, देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष देताना कुणाचा गळा भरून आला, की उत्तमकाका हळूच सूर देतात. लोक गाऊ लागतात. तेवढ्यात तो माणूस डोळे पुसतो, पाणी पितो आणि पुढे बोलतो. याला आम्ही सांभाळून घेणं म्हणतो. मंडळीतल्या प्रीतमच्या वडिलांच्या दफनाच्या वेळी मी अशी तीनदा वाजले.

संचिता ठाण्याच्या वर्तकनगरची. शाळा डेहराडूनच्या बोर्डिंगात, मग चार वर्षं इंग्लंडात धर्मशास्त्र. तिथे एका मठात ती महिनाभर मौनात राहिली होती. त्याबद्दल बोलू लागली की थांबायची नाही. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, तिच्याकडे बुधवारची प्रार्थनासभा सोपवली.

पहिल्या बुधवारी ती म्हणाली, "आज आपण देवाला काही सांगायचं नाही. दहा मिनिटं फक्त त्याच्यासमोर बसायचं."

एक मिनिट गेलं. कुणी खोकलं. दुसऱ्या मिनिटाला हिशेबनीस मुकुल उठला आणि माइकची वायर हलवून बघू लागला. पहिल्या बाकावरून गोदूबाईंची कुजबूज सगळ्यांना ऐकू गेली, "विसरली वाटतं पोरगी."

आणि उत्तमकाकांनी सूर दिला.

तीस माणसं एका दमात गाऊ लागली. चार कडवी, पुस्तकाशिवाय. संचिता प्रवचनाच्या पुलपिटाशी उभी होती, कान लाल झालेले. सभा संपल्यावर गोदूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरायचं नाही. पहिल्या खेपेला सगळ्यांचं होतं असं."

दुसऱ्या बुधवारी तिने अर्धा तास मौनाचा अर्थ समजावला. लोकांनी माना डोलावल्या. मग शांतता पसरताच गोदूबाई मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, "हे देवा, या मुलीला शब्द दे." काकांची बोटं सवयीने माझ्याकडे आली.

तिसऱ्या बुधवारी तिने काकांना बाजूला घेतलं. "काका, रागावू नका. बुधवारी पेटी नको."

"नको तर नको," काका म्हणाले. "पण त्या कपाटात दमट असतं. घरी नेतो हिला. रविवारी आणत जाईन."

अशी मी कोळसेवाडीत, काकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी आले. बुधवारी काका घरीच असत. रविवारी मला चर्चमध्ये नेलं की तिकडची खबर कळायची. बुधवारी आता शांतता असते, पण माणसं सहा. मुकुल म्हणाला, "ताई, लोक म्हणतात, गप्पच बसायचं तर लोकलचं तिकीट काढून कशाला यायचं?" तो हसला, ती हसली नाही. पाळकसाहेबांनी तिला सांगितलं होतं, येत्या बुधवारपर्यंत बघू, नाहीतर सभा पूर्वीसारखी. तिला हा पराभव वाटत होता. परत इंग्लंडला जावं, असंही तिच्या मनात घोळू लागलं होतं.

मंगळवारी दुपारी चारला ती काकांच्या दारात उभी राहिली. काका बुधवारी आले तर लोकही येतील, असा तिचा हिशोब.

"ये, बस," काका हळू आवाजात म्हणाले. "वीस मिनिटं बोलता यायचं नाही. मग चहा."

खिडकीपाशी काकांच्या पत्नी कलावतीकाकू बसल्या होत्या. काकू म्हणजे एके काळी आमच्या चर्चच्या गाण्याचा आवाज. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. मी त्यांच्यासमोर स्टुलावर होते. त्यांनी डावा हात माझ्या भात्यावर ठेवला. भाता ओढला, सोडला. पट्टीवर बोट नाही. माझा भाता जुना, हवा गळते, त्यामुळे सुस्कारा टाकल्यासारखा बारीक आवाज होतो. तेवढाच. मग त्या थांबायच्या. पुन्हा ओढायच्या. काका शेजारी डोळे मिटून बसले होते. खाली कांदेबटाटेवाल्याचा भोंगा ओरडत होता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. काकूंच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीही उमटत नव्हतं.

संचिता आधी बघत राहिली. मग तिची मान खाली गेली.

चहा घेताना काका म्हणाले, "वाचा गेली तेव्हा मी रोज हिच्यासाठी मोठमोठ्याने प्रार्थना करायचो. ही तोंड फिरवायची. एक दिवस माझेच शब्द संपले. गप्प बसलो. तेव्हा हिने माझा हात धरला. तेव्हापासून रोज चारला बसतो. पेटी घरात आल्यावर हे भात्याचं हिनेच सुरू केलं."

"काका, तुम्हाला मौन ठाऊक होतं," संचिता म्हणाली. "मग त्या दिवशी मध्येच सूर का दिलात?"

काकांनी बशी बाजूला सारली. "राग नको मानू. तू डोळे उघडे ठेवून आम्हाला मोजत होतीस. कोण हलतंय, कोण खोकतंय. मला वाटलं, पोरगी अडलीय. अडलेल्याला सूर द्यायचा, एवढंच मला येतं."

संचिताने कप खाली ठेवला. "अडलेच होते, काका," ती म्हणाली. आणि ती निघाली.

आता माझं सांगते. वय झालंय. वरचे दोन सूर बोलत नाहीत, भात्याला ठिगळ आहे. आयुष्यभर मला वाटलं, आवाज निघाला तरच मी कामाची. काकूंच्या हाताखाली कळलं, आत हवा भरून नुसतं थांबणं हेही माझंच काम होतं. मंडळीतल्या माणसांनो, मला गाण्याला न्या, खुशाल बडवा. एवढंच मागते, चारच्या सुमारास मला या हातापासून तोडू नका.

बुधवारी सकाळी संचिता पुन्हा आली. दारातच तिने पाळकसाहेबांना फोन लावला. "आजपासून सभा पूर्वीसारखीच होऊ दे. गोदूबाई सुरुवात करतील, पेटीला काका. मौनाचं मी शिकवणार नाही, मला अजून येत नाही... नाही, परत नाही जात. इथेच राहतेय."

मग ती काकांकडे वळली. "पेटी साडेचारला मी खाली उतरवीन आणि सभा संपली की वर आणून ठेवीन. दर बुधवारी."

"वजन आहे हं तिला," काका म्हणाले.

"असू दे." ती काकूंच्या खुर्चीशी फरशीवर बसली. "काकू, मी रोज चारला आले तर चालेल?"

काकूंनी डाव्या हाताने शेजारचं रिकामं स्टूल तिच्याकडे ढकललं.