आता पुरे

वच्छलाने पेन्सिल थांबवली आणि दारातून पुन्हा आत पाहिलं. रंभाबाई पाखडलेली ज्वारी बाजूला सारून उठत होती. आधी एक तळहात फरशीवर टेकला, मग दुसरा गुडघ्यावर. क्षणभर ती तशीच राहिली, जणू उठायचं की पुन्हा बसायचं हे अजून ठरायचं होतं. मग ओठ आवळून ती उभी राहिली आणि कमरेला हात देत चुलीकडे गेली. वच्छलाने मान खाली घातली. तिला हवी होती ती रेघ मिळाली होती. मानेपासून कमरेपर्यंत गेलेली, मध्येच खचलेली.

"काय बगतीस गं मगापासनं?" आईने आतून विचारलं.

"काय न्हाय."

"भूक लागली आसंल तर भाकरी हाय बग."

"न्हाय म्हणलं की."

बाहेरच्या खोलीत लोखंडी ट्रंकेवर तिने मोठा कागद पसरला होता. भवानी पेठेतल्या तरुण मंडळाने भित्तिपत्रकांची स्पर्धा ठेवली होती, विषय होता 'लहान कुटुंब'. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, आणि गावभर भिंतींवर कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले जात होते. मंडळाचा सेक्रेटरी विरुपाक्ष नुकताच बँकेत लागला होता. तो स्वतः घरी येऊन सांगून गेला होता.

"तुमची इंटरमीजिएट झालीय ना ड्रॉइंगची? मग तुम्ही भाग घ्यायलाच पाहिजे. पेठेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

तिला आजवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ती हसून काही बोलणार, तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पदर पुढे ओढून घेतला होता, तरी सहावा महिना लपण्यासारखा नव्हता. विरुपाक्षने तांब्या घेतला आणि नजर पटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. "विषय काय आहे?" असं वच्छलाने विचारल्यावर त्याने तो खालच्या आवाजात सांगितला. त्याचा तो सभ्यपणा तिला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

घरात वच्छला थोरली. तिच्या पाठीवर चौघं. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं, की आता पाळणा माळ्यावर गेला तो गेला. वडील, हिंदुराव, मिलमधून येऊन गुपचूप जेवायचे आणि झोपायचे. या बाबतीत त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. विचारायचे ते आईला. नळावर, दळणाच्या रांगेत. आणि वच्छलाला वाटायचं, विचारतात ते आपल्यालाच. कॉलेजातली मैत्रीण दोनदा घरी येते म्हणाली, तेव्हा तिने दोन्ही वेळा सांगितलं, "आई गावाला गेलीय, मोडनिंबला. ती आल्यावर ये." कॉलेजात ती 'हाय' म्हणत नसे, 'आहे' म्हणायची. घराच्या पायरीवर आलं की जीभ आपोआप वळायची. आता जिभेसारखंच आईलाही कुठेतरी ठेवून जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

चित्रात तिने सरकारी जाहिरातींसारखी दोन घरं काढली नाहीत, हसरी-रडकी कुटुंबं काढली नाहीत. फक्त जमिनीवरून उठणारी एक बाई. तिच्या लुगड्याला धरून, पाठीला लोंबकळून, मांडीशी डोकं घासत असलेली पोरं. चेहरा काढायचा नाही असं आधी ठरलं होतं, पण रिकाम्या चेहऱ्याची बाई कुणाचीच वाटेना. मग तिने झुकलेले डोळे काढले. कपाळाला घामाने चिकटलेली बट काढली. शेवटी कान. कडेवरच्या कुठल्याशा पोराने कानातलं ओढलं तेव्हा आईच्या उजव्या कानाची पाळी फाटली होती, त्यात ती पुन्हा कधी काही घालू शकली नाही. ब्रशच्या टोकाने वच्छलाने ती पाळी तशीच फाटलेली दाखवली. हात जरासुद्धा अडखळला नाही. चांगलं जमतंय, एवढंच तिच्या मनात होतं. खाली लाल रंगात दोनच शब्द लिहिले : आता पुरे.

"झालं व्हय?" आईने विचारलं. "मला दाव की."

"तितं लागल्यावर बघ."

"मग तितंच येते. दानम्माबी येते म्हणत हुती."

"लई गर्दी आसती. तुला उभं ऱ्हावायचं न्हाय."

"दोन गल्ल्या सोडून तर हाय," आई म्हणाली.

रविवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून चित्रं टांगली होती. पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या, मागे बायकांसाठी जाजम. वच्छला मैत्रिणीबरोबर दुसऱ्या रांगेत बसली होती. आई यायची नाही, असं तिने स्वतःला पटवलं होतं. सकाळपासून आईचे पाय सुजले होते, आणि तिने ते मुद्दाम पाहूनही ठेवले होते. तरी आई आली. नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, शेजारच्या दानम्माच्या खांद्याला धरून. दोघी एकेका चित्रापुढे थांबत, देवळात प्रदक्षिणा घालावी तशा सरकत होत्या. वच्छला उठली नाही. तिने मैत्रिणीच्या हातातलं मासिक घेतलं आणि उघडलं.

"अय्यय्यो!" दानम्माचा आवाज हॉलभर गेला. "हे तर तुमीच की वो, रंभाबाई! कान बगा की, कान!"

खुर्च्यांवरची चार डोकी वळली. दोन पोरं फिदीफिदी हसली. विरुपाक्ष घाईने तिकडे गेला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "छान आहे ना, काकू? पहिलं बक्षीस आहे याला. सांगू नका अजून कुणाला."

रंभाबाई चित्राकडेच बघत होती.

"खाली काय लिवलंय?"

विरुपाक्ष घुटमळला. "'आता पुरे' असं लिहिलंय."

"व्हय की," ती म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर उजव्या बाजूने खाली ओढला, कान झाकेपर्यंत. मग दानम्माला म्हणाली, "माजं कसलं आलंय. बाया समद्या सारख्याच दिसत्यात. चला, बसू."

मैत्रीण वच्छलाकडे झुकली. "कोण गं त्या?"

"आमच्या गल्लीतल्या," वच्छला म्हणाली.

"आणि तुझी आई? आली का गावाहून?"

"नाही अजून."

मासिकातल्या ओळी तिच्या डोळ्यांपुढे होत्या, पण एकही शब्द लागत नव्हता. मागे जाजमावर आई कुठे बसली असेल, तिला ऐकू गेलं असेल का, याचा अंदाज ती मान न वळवता घेत राहिली.

पाहुण्या म्हणून आलेल्या डॉक्टरीणबाई भाषणात थोडकंच बोलल्या. पहिला नंबर वाचला गेला तेव्हा टाळ्या झाल्या आणि वच्छला स्टेजवर गेली. रंगांची पेटी हातात देताना डॉक्टरीणबाईंनी तिला जाऊ दिलं नाही. माइकजवळ घेऊन त्यांनी विचारलं, "एवढं खरं चित्र मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. ही बाई तुला कुठे भेटली?"

वच्छलाला समोर पहिली रांग दिसत होती, विरुपाक्ष दिसत होता, मैत्रीण दिसत होती. मैत्रीण कौतुकाने हसत होती.

"कुठेच नाही," ती म्हणाली. माइकने तिचा आवाज मोठा केला. "मी... कल्पनेतून काढलं."

टाळ्या पुन्हा झाल्या. त्याच वेळी मागे जाजमावर काही हाललं. रंभाबाई उठत होती. तिने एक तळहात जमिनीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, आणि क्षणभर तशीच थांबली. दोरीवरचं चित्र तिच्यापासून फार लांब नव्हतं. आधी बायका तिच्याकडे बघायला लागल्या, मग चित्राकडे, मग पुन्हा तिच्याकडे. टाळ्या एका बाजूने विरत आल्या. दानम्माने हात पुढे केला, तो न धरता रंभाबाई ओठ आवळून उभी राहिली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि कुणाकडे न बघता दाराबाहेर गेली.

कार्यक्रम संपताच मैत्रीण उठली. "निघते गं" म्हणाली आणि वच्छलाबरोबर फाटकापर्यंत चालायला थांबलीसुद्धा नाही.

वच्छला घरी पोचली तेव्हा आई भाकरी थापत होती. लुगडं बदललेलं होतं. धाकट्यांनी रंगांच्या पेटीवर झडप घातली, तशी आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "हात लावू नगा. वच्छे, देवापाशी ठेव ती."

वच्छलाने पेटी देवापाशी ठेवली. वाटेत तिने तीन-चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही इथे, या चुलीपुढे, बोलण्यासारखं नव्हतं. आईने तिच्या ताटात भाकरी वाढली, शेंगांची चटणी वाढली, आणि नेहमीसारखं वर तेल घातलं. वच्छलाने घास मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरुपाक्ष बँकेत जायच्या आधी आला. हातात चित्राची गुंडाळी होती.

"डॉक्टरीणबाईंना हे पाहिजे," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "त्यांच्या दवाखान्यात लावणार आहेत. बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर, जिथे बायका थांबतात ना, तिथे. फक्त खाली तुमचं नाव नाही, तेवढं घाला म्हणाल्या."

"नाही," वच्छला म्हणाली. "नाव नको. आणि तिथे लावूही नका."

"का हो?"

"चांगलं नाही झालेलं. माझं मला परत द्या."

"अहो, पहिलं बक्षीस..."

"मी दुसरं काढून देते. हे नको." तिने गुंडाळीला हात घातला. विरुपाक्षने ती सोडली नाही, आणि क्षणभर दोघांनीही कागदाची दोन टोकं धरून ठेवली.

"फाटंल की ते," रंभाबाई आतून म्हणाली. हात पुसत ती दारात आली. "काय म्हणतायत?"

विरुपाक्ष पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागला. "काही नाही, काकू. ते चित्र दवाखान्यात लावायचंय. बायकांच्या."

"त्या डाक्टरनीबाईंच्या व्हय? काल आल्त्या त्या?"

"हो."

रंभाबाईने चौकटीला हात टेकला.

"मलाबी तितंच जायचंय," ती म्हणाली. "ही पाची पोरं मोडनिंबला झाली, घरातच, सुईणीच्या हातावर. ह्या वक्ताला नर्स म्हणली, वय झालंय, घरी नगं. मी दवाखाना आतनं कदी बगितला न्हाय." मग वच्छलाकडे न बघता, विरुपाक्षच्या हातातल्या गुंडाळीकडे बघत म्हणाली, "लागू द्या तितं. तेवढंच वळखीचं कुनीतरी आसंल."

"डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत का तुमच्या?" विरुपाक्षने विचारलं.

रंभाबाई नुसती हसली.

वच्छलाच्या हातातलं कागदाचं टोक सुटलं होतं. ती आत गेली, देवापाशी ठेवलेली पेटी उघडली, काळ्या रंगाची बाटली आणि ब्रश घेऊन बाहेर आली. विरुपाक्षने आत येऊन गुंडाळी ट्रंकेवर उलगडून चारी कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं. वच्छला एका हातात बाटली धरून उजव्या कोपऱ्याशी वाकली. 'व' काढला. पुढचं अक्षर काढायला तिला बराच वेळ लागला. कागद कुठे संपतो ते तिला नीट दिसत नव्हतं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

नाव पुरं झालं तसा विरुपाक्ष कागद उचलायला पुढे झाला.

"थांबा की जरा," रंभाबाई त्याला म्हणाली. "ओलं हाय आजून. च्या घ्या तवर."