पुरलेलं पान

शिकारीच्या कॅम्पात पाहुण्याला वाघ दिसला नाही तर दोष मॅनेजरचा, आणि आंघोळीचं पाणी कोमट निघालं तरी दोष मॅनेजरचाच. वाहिदमियांना त्याची सवय झाली होती. दिग्रसच्या कापसाच्या जिनात इंजिनं दुरुस्त करता करता ते नागपूरच्या एका शिकार कंपनीच्या जिपांपर्यंत पोचले, आणि साठ-एकसष्टच्या सुमारास केळापूरच्या जंगलातला अख्खा कॅम्प त्यांच्या गळ्यात पडला. तंबू, बावर्ची, ड्रायव्हर, विलायती पाहुणे, सगळं आलं त्यात. पण पुढं एका मार्च महिन्यात त्यांनी जे केलं, त्याचा दोष खरोखरच त्यांचा होता.

एका संध्याकाळी कॅम्पात उतरलेल्या विलायती साहेबानं मचाणावरून वाघावर गोळी झाडली. "चुकली," म्हणाला, आणि तंबूत जाऊन झोपला. सकाळी वाहिदमिया एकटेच मचाणाखाली गेले. नाल्याकडच्या वाटेवर सागाचं एक वाळकं पान पडलं होतं. त्यावर रक्ताचा डाग होता, सुकून काळा पडलेला.

जंगलाचा कायदा असा की, वाघ जखमी झाला तर त्याचा निकाल लागेपर्यंत त्या भागात शिकार बंद. जंगलखात्याला कळवायचं आणि पायी माग काढायचा. पुढं मॅनेजर, मागं त्याच्या भरवशाचा माणूस. पण नवे पाहुणे वाटेवर होते. शिकार बंद म्हटली की कंपनी ऐन मोसमात कॅम्प गुंडाळणार आणि सगळे घरी बसणार. ओरखडा असेल, वाघ केव्हाच डोंगरापलीकडे गेला असेल, असं स्वतःला समजावत वाहिदमियांनी टाचेनं माती उकरली आणि पान पुरून टाकलं.

संध्याकाळी साहेबाला चितळ पाहिजे होतं. जीप घनश्याम चालवत होता, शेजारी वाहिदमिया होते. मागं रहेमान बसला होता, वाहिदमियांच्या बायकोचा, हुस्नाबीचा, धाकटा भाऊ. त्याचं काम एकच, पण घाईचं. जनावर पडलं की जीव जायच्या आत बिस्मिल्ला म्हणून गळ्यावर सुरी फिरवायची. उशीर झाला की कॅम्पातल्या निम्म्या माणसांना ते मटण हराम. मग वरणावर भागवा.

"रहेमानभाऊ, परवा लय मंद पळाला तू," घनश्याम म्हणाला. "माही सासू पोचली असती तुह्याआधी."

"तुह्या सासूले पाहून चितळ भेवानंच मरते. मंग सुरी कायले पाह्यजे?"

काही न कळता साहेबही हसला.

नाल्याच्या काठाशी कळप चरत होता. गोळी सुटली. एक नर अडखळला आणि उंच गवतात जाऊन कोसळला. रहेमाननं जीपमधून उडी टाकली.

"रहेमान! थांब!" वाहिदमियांनी हाक मारली.

"जीव जाईन ना त्याचा, दुल्हाभाई!"

"जाऊ दे! एक दिवस मटण नाही खाल्लं त मरून नाही राह्यलो आपण!"

रहेमान पळता पळता हसला. रोज 'पळ, पळ' करणारा माणूस आज 'थांब' म्हणतो, याची त्याला गंमत वाटली. गवत अगदी जवळ आलं.

वाहिदमियांनी साहेबाकडे पाहिलं, घनश्यामकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत ओरडले, "अरे, वाघ हाय तिथं! कालचा! गोळी लागली हाय त्याले!"

रहेमान जागीच खिळला. गवतात चितळ पाय झाडत होतं. थोड्या वेळानं तेही थांबलं. दुसरं काहीच हललं नाही. गवतावरची नजर न काढता, उलट्या पावलांनी तो जीपपर्यंत आला.

"तुमाले कवा कळलं?"

"बस आधी जिपेत."

"दुल्हाभाई, कवा?"

"सकाळी."

"सकाळी मी याच नाल्यावर पाण्याले गेलतो. दोन खेपा केल्या. तुमी चाय पेत पाहून राह्यले होते मले."

"मले वाटलं, गेला असंन थो."

"मंग आत्ता काहून वरडले?"

साहेब 'काय झालं' म्हणून विचारत होता. वाहिदमियांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं की शिकार बंद, नवे पाहुणेही येणार नाहीत. चितळ तिथंच सोडून जीप वळली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जंगलखात्याकडे माणूस धाडून वाहिदमियांनी रायफल घेतली. "मागं कोण येते?" त्यांनी विचारलं. बावर्ची चुलीकडे वाकला. घनश्याम जिपेची चाकं दाबून पाहू लागला. इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी विचारावाच लागला नव्हता. ते एकटे निघाले.

नाल्याच्या अलीकडे मागं पाचोळा वाजला. दुसरी बंदूक घेऊन रहेमान आला होता.

"आला तू? लय बरं केलं, बाप्पा."

"तुमच्यासाठी नाही आलो. मोहाचे फुलं पडून राह्यले. गावच्या बाया येतीन इकडं येचाले. चला."

काल रहेमान जिथं थबकला होता, तिथून चार पावलांवर चितळ असायला पाहिजे होतं. ते नव्हतं. गवत आडवं झालं होतं आणि ओढून नेल्याची फरफट सरळ नाल्यात उतरली होती. फरफटीच्या कडेला वाघाचे ठसे होते. तीन पाय टेकलेले, चौथा खुरडलेला.

रहेमाननं खाली वाकून ते ठसे पाहिले. वाहिदमिया त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्यानं एक शिवी दिली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"पुढं व्हा," रहेमान म्हणाला आणि बंदुकीचा घोडा चढवला.