छातीत कोंडलेली हवा

देवू गौडा सुपारीच्या झाडावरून पडला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना शेंडा मोडला आणि तो डाव्या कुशीवर बांधाच्या दगडांवर आदळला. रुग्णवाहिका पोचली तेव्हा तो उठून बसला होता.

"अक्का, एवढ्याशानं... गाडी बोलावली हिनं," तो हसला. "घाबरट आहे."

त्याची बायको मासती त्याच्या पाठीला हात देऊन बसली होती. रुग्णवाहिकेतली परिचारिका नागवेणी हिला त्या हसण्यानं धीर आला नाही. दोन शब्दांमागे तो दम घेत होता. डाव्या बरगड्यांवर तिनं बोटं दाबली, तर कातडीखाली चुरमुरे चुरडावेत तसं लागलं. फुप्फुस फाटून हवा बाहेर पसरत होती.

तिनं ऑक्सिजन लावला आणि चालक मंजप्पानं गाडी शिरसीच्या घाटाला घातली.

चौथ्या वळणावर देवूची थट्टा थांबली. गळ्याच्या शिरा दोरासारख्या तटतटल्या. डावी छाती फुगलेलीच राहिली, हलेना. बोटानं ठोकल्यावर ती रिकाम्या डब्यासारखी वाजली. श्वासनळी उजवीकडे सरकली होती आणि मनगटाची नाडी लागत नव्हती. कोंडलेली हवा आता काळजालाच दाबत होती.

डॉक्टरांनी फोनवर होकार दिल्याशिवाय छातीत सुई घालायची नाही, असा नियम. घाटात फोन लागत नव्हता. नागवेणीनं हे आजवर फक्त प्रशिक्षणात, रबरी पुतळ्यावर केलं होतं.

"मंजप्पा, गाडी थांबव."

"इथं? मागं ट्रक आहे, अक्का."

"थांबव म्हणते ना."

बोटाएवढी लांब सुई पाहून शेजारी बसलेल्या मासतीनं नागवेणीचा हात धरला. "मरेल तो."

"नाही टोचली तर मरेल, वहिनी. सोडा."

काखेच्या थोडं पुढे तिनं बरगडी चाचपली आणि तिच्या वरच्या कडेवरून सुई आत घातली. फस्स करून हवा सुटली. देवूची छाती हलली, ओठांवरचा काळपटपणा उतरू लागला. पोलादी सुई काढून तिनं छातीत राहिलेली प्लास्टिकची नळी चिकटपट्टीनं धरून ठेवली.

घाट संपायच्या आत नळी मुडपली. शिरा पुन्हा वर आल्या. तिनं शेजारीच दुसरी सुई घातली. गाडीत तिसरी नव्हती. उरलेली वीस मिनिटं ती नळीवरून नजर न हलवता बसली.

इस्पितळात डॉक्टरांनी छातीत जाड नळी बसवली. देवू वाचला.

"कुणाला विचारून टोचलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"फोन लागत नव्हता, सर."

आठवड्याभरात रुग्णवाहिकेच्या कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. नागवेणीनं चार ओळी लिहून पाठवल्या. त्यावर अजून काही कळवलेलं नाही. ती रोज कामावर जाते, आणि कार्यालयातून फोन आला की उचलण्याआधी क्षणभर थांबते.