वाजवायची कवळी

दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत बसून वादन ऐकायचं सोडून भलतंच बघत होते. मंचावरच्या म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याची नवी कवळी त्यांनीच बनवली होती. साथीला तीन चेलो, एक अकॉर्डियन आणि ड्रमचा पत्ताच नाही. असला अजब ताफा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण नजर हटेल तर शपथ. ती म्हाताऱ्याच्या तोंडाला चिकटलेली.

एक सूर लांबतच गेला, तसं त्यांनी बायकोला कोपरानं ढोसलं. "पकड बघ! हलतेय का जरा तरी?"

"अहो, ऐका ना गप," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. डॉक्टरांना वाटलं, चला, हिलाही आपली किंमत कळली एकदाची. पुढे टाळ्या पडल्या की तेच हळूच मान झुकवायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर ते छाती फुगवून मंचामागे गेले. "कवळीचा त्रास नाही ना झाला?"

"छे हो!" म्हाताऱ्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली नवीकोरी कवळी काढली. "जेवायला हिला तोड नाही. वाजवताना मात्र आपली जुनीच. ती जरा हलते ना, म्हणून सूर असा थरथरतो."

बायको तिथंच पोट धरून हसली.

हा किस्सा डॉक्टर आता स्वतःच प्रत्येक पेशंटला रंगवून सांगतात. फक्त आधी त्याच्या तोंडात आरसा आणि कापूस नीट बसवून घेतात.