पिंपळनेरचं बाळंतपण

पिंपळनेरच्या आठवडे बाजारात कोकिळाबाई सुके बोंबील आणि सुकट विकत असे. घर भोयांचं. सासरे होते तोवर पांझरेत जाळं टाकत, पण नदीला पाणी असेल तेवढेच महिने मासळी मिळे. म्हणून सासूने, वच्छलाबाईने, सुक्या मासळीचा धंदा सुरू केला आणि गुडघे धरल्यावर तो सुनेच्या हाती दिला. मे महिन्यात वरच्या पाड्यांवरची माणसं पावसाळ्याची बेगमी करायला बाजारात उतरत आणि कोकिळाला मान वर करायला फुरसत नसे.

माल पालघरच्या बाजूने, वडखाडी नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातून येई. तिथली चांगुणाबाई तो पाठवी. दोघींची प्रत्यक्ष भेट दोन-तीनदाच झाली होती, तीही धावती. फोनवर मात्र सगळं चाले. सुरुवातीला भाव आणि गोण्या, मग हळूहळू सुनेचं, सासूचं, पोटदुखीचं, पोरांचं. चांगुणाबाई विधवा होती. एकुलता एक मुलगा हितेश, स्वतःची लहान होडी, आणि सून हर्षाली. कोकिळाचा मुलगा ललित सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता आणि दिवाळीशिवाय घरी येत नसे.

त्या वर्षी मेच्या मध्यावर चक्रीवादळ किनाऱ्याला लागलं. पिंपळनेरला नुसतं आभाळ भरून आलं आणि दोन दिवस धूळ उडाली. टीव्हीवर उलटलेल्या होड्या दिसत होत्या. चांगुणाबाईचा फोन लागेना. वीज गेली असेल, असं कोकिळा म्हणाली. पण वीज आल्याची बातमी आली तरी फोन बंदच होता.

तिचा नवरा सुपडू भाड्याने छोटा हत्ती टेम्पो चालवी. तो म्हणाला, "दुसरीकडथून माल पाहूत का?"

"मालनं मंग पाहू," कोकिळा म्हणाली. "बाई जित्ती शे का नही, ते त पाहू."

गाडीत ज्वारी, डाळ, तेलाचे डबे आणि ताडपत्र्या भरून दोघं सटाणा, नाशिक, जव्हार असे वडखाडीला पोचले.

गावाच्या अलीकडेच वास सुरू झाला. मासळी वाळवायचे बांबूचे मांडव सगळे आडवे पडले होते. पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी समुद्राच्या पाण्यात भिजून सडली होती आणि बायका ती टोपल्यांनी खड्ड्यांत टाकत होत्या. तोंडाला पदर बांधलेली एक बाई खड्ड्याच्या काठावर फावडं घेऊन उभी होती. कोकिळाने तिला आवाजावरून ओळखलं.

"आलीस गो?" चांगुणाबाई म्हणाली आणि खड्ड्याकडे बोट केलं. "हा बघ, तुझाच माल."

कोकिळाने पदर खोचला आणि एक टोपली उचलली. संध्याकाळपर्यंत ती त्या बायकांबरोबर खड्डे भरत राहिली.

चांगुणाबाईच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. होडी रस्त्यापलीकडे एका कुंपणात जाऊन पडली होती, तळाला मोठं भगदाड होतं. हर्षाली शाळेच्या व्हरांड्यात चार-पाच कुटुंबांबरोबर राहत होती. सातवा महिना संपत आला होता. तिचं माहेर शेजारच्या गावात, तिथेही हीच गत. पाऊस तोंडावर आला होता आणि शाळा कधीतरी रिकामी करावी लागणार होती.

"पोरीला माझ्याकडे पाठवा," जेवताना कोकिळा म्हणाली. "घरात जागा आहे. दवाखाना जवळ आहे. बाळंतपण होऊ द्या, तोवर तुमचं छप्पर होईल."

चांगुणाबाईने मान हलवली. "लोक काय म्हणतील? सून मासळी घेणाऱ्या बाईच्या दारात बाळंत झाली?"

हितेश ताटावरून न उठता म्हणाला, "आई, इथे तिला निजवायचं कुठे ते सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली एक पिशवी घेऊन गाडीपाशी उभी राहिली. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण ती सगळ्यांच्या आधी तिथे आली होती.

पिंपळनेरला वच्छलाबाईने तिला दारातच थांबवून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि मग सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "हाई कोनी पोर उचली लयनी तू? आपला घरमा काय कमी काम शे?"

"चांगुणाबाईनी सून शे, माय. वादळमा घर गयं तिन्हं."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. पण दोन दिवस ती हर्षालीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हर्षालीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घशाखाली उतरेना, तेव्हा वच्छलाबाईने स्वतः उठून भात टाकला. "तुले काय आवडस ते सांगत जाय," ती म्हणाली. "मी काय देव शे का, समजाले?" हर्षालीला अर्धंच कळलं, पण ती हसली. तेव्हापासून ती म्हातारीला मोठी माय म्हणू लागली.

हर्षाली कामसू होती. बाजाराच्या दिवशी ती कोकिळाबरोबर पालावर बसे. माल आता सुपडूने नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याकडून आणला होता. तो जाडाभरडा होता आणि हर्षाली तो निवडताना नाक मुरडे. गिऱ्हाइकं तिला कुठली म्हणून विचारत. समुद्राकडची, असं सांगितलं की पाड्यावरच्या बायका तिच्याकडे निरखून बघत. त्यातल्या कित्येकींनी समुद्र पाहिला नव्हता.

एकदा दवाखान्यातून परतताना तिला डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या. त्या इथे का लावल्यात, असं तिने विचारलं.

"इथे वारा जास्त म्हणून," कोकिळा सहज म्हणाली.

हर्षाली रस्त्यातच थांबली. मग घरापर्यंत ती सारखी मागे वळून डोंगराकडे बघत राहिली.

जूनमध्ये एका दुपारी जोराचा वारा सुटला. पत्रे वाजू लागले, दोरीवरचे कपडे उडाले. कोकिळा कपडे गोळा करून आत आली तर हर्षाली घरात नव्हती. शोधता शोधता ती गल्लीच्या टोकाला, पतसंस्थेच्या पक्क्या इमारतीच्या जिन्यावर सापडली. वरच्या पायरीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती. वच्छलाबाई काठी टेकत मागून आली, जिना चढली आणि तिच्या शेजारी बसली.

"घाबरू नको, माय. आठे समुद्र नही. हाई आठला वारा शे, दर सालले येस आनि जास."

वारा पडल्यावरच तिघी खाली उतरल्या. त्या दिवशी हर्षालीने पहिल्यांदा वादळाचं सांगितलं. गावातल्या लोकांना शाळेत जायला सांगून भोंग्याची गाडी फिरून गेली होती. शेजारपाजार गेलं. सासू मात्र मालाची खोली सोडून निघेना. वर्षाची कमाई टाकून कशी येऊ, म्हणाली. आईला सोडून हितेश जाईना आणि हितेशला सोडून हर्षाली. पाणी आलं तेव्हा दार उघडायलाही वेळ मिळाला नाही. उजाडेपर्यंत हितेश दाराला खांदा लावून होता, ती कमरेएवढ्या पाण्यात खिडकीचे गज धरून उभी होती, आणि सासू शेजारच्या खोलीत गोण्या माळ्यावर चढवत होती.

"मला हाका मारत होत्या," हर्षाली म्हणाली. "मला वाटलं, बरी आहेस का विचारतायत. त्या म्हणत होत्या, गोणीला एक हात दे."

कोकिळाने हे कुणालाही सांगितलं नाही. पण त्यानंतर चांगुणाबाईचा फोन आला की ती पूर्वीसारखी मोकळेपणाने बोलेना.

जुलैअखेर हर्षालीला मुलगी झाली. बाळंतपण सरळ झालं. वच्छलाबाईने डिंकाचे लाडू वळले, बाळाला शेक-शेगडी केली आणि नाव ठेवायचा मान बापाच्या घरचा, ती माणसं इथे नाहीत, म्हणून बाळाला नुसतं चिऊ म्हणायचं ठरवलं. सव्वा महिना झाल्यावर चांगुणाबाई एसटीने आली. बाळाला मांडीवर घेऊन तिने बराच वेळ खेळवलं. घरावर पत्रे चढले होते, होडीची डागडुजी झाली होती, मासेमारी सुरू झाली होती.

"उद्या निघू या," ती सुनेला म्हणाली.

"मी नाही येत," हर्षाली म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, तब्येतीमुळे म्हणतेय. पण हर्षालीने पुन्हा, शांतपणे सांगितलं. "त्या घरात मी या पोरीला घेऊन राहणार नाही. हायवेकडे खोली घ्या, येते. किनाऱ्यावर नाही."

"माझ्या सासऱ्याने बांधलेलं घर आहे ते."

"मग तुम्ही राहा."

चांगुणाबाईने बाळाला मांडीवरून खाली निजवलं. ती कोकिळाकडे वळली. "हे तुझं शिकवणं. तुझा पोरगा सुरतेला, घरात पोर नाही. म्हणून माझी सून ठेवून घेतलीस. मी विश्वासाने पाठवली होती गो."

कोकिळाच्या तोंडाशी खिडकीच्या गजांची गोष्ट आली होती. पण हर्षाली खाली मान घालून बाळाची दुपटी घडी करत होती, आणि दुसरंही एक होतं: चांगुणाबाई बोलली त्यातलं थोडं खरं होतं. गेले तीन महिने संध्याकाळी घरी परतताना कोकिळाची पावलं झपाझप पडत होती. पोर राहिली तर बरं, हा विचार तिच्या मनात येऊन गेला होता.

"मी शिकवलं नाही," ती एवढंच म्हणाली. "पण तिला बळजबरीने गाडीत बसवणारही नाही."

चांगुणाबाईने त्या घरचा चहा घेतला नाही. दुपारच्या एसटीने ती एकटीच परत गेली. त्यानंतर फोन बंद झाले आणि ती दुसऱ्याच कुणाला माल देते, असं सुपडूच्या कानावर आलं.

गणपती गेले, नवरात्र गेलं. हितेश दोनदा येऊन मुलीला बघून गेला. पहिल्या खेपेला नवरा-बायकोचं भांडण झालं, दुसऱ्या खेपेला नाही. कोकिळाने त्याला बाजूला बसवून सांगितलं, "ती हट्टाने बसलेली नाही, भाऊ. भीतीने बसलीय. आणि जन्मभर ती काही माझ्याजवळ राहायची नाही. तुझं बिऱ्हाड तू मांड."

दिवाळीनंतर तो तिसऱ्यांदा आला. हायवेजवळ, समुद्रापासून चांगली आत, एका चाळीत त्याने खोली घेतली होती. पहाटे होडीवर जायला त्याला मोटारसायकल लागणार होती. ती त्याने मित्राकडून जुनी घेतली होती. आई येत नाही म्हणाली, एवढं त्याने सांगितलं. हर्षालीने त्याच दिवशी पिशव्या भरल्या. निघताना वच्छलाबाईने बाळाच्या गालावर काजळ लावलं आणि हर्षालीला म्हणाली, "आते हाई तुन्हं माहेर शे. आखाजीले येजो."

हर्षाली आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आली नाही. मुलीला ताप होता. त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा किनाऱ्यावर वादळाचा इशारा लागला. कोकिळाने बातमी ऐकताच फोन केला. हर्षाली म्हणाली, आम्ही इथे बरे आहोत, हितेशने होडी वर ओढून बांधलीय.

"आणि चांगुणाबाई?"

"आल्यात. मी हितेशला न्यायला पाठवत होते, तेवढ्यात स्वतःच रिक्षाने आल्या. मालाच्या खोलीला कुलूप लावून."

"काही बोलल्या?"

"नाही. आल्या आणि पोरीला घेऊन बसल्यात."

पलीकडे पोरगी रडायला लागली. मग चांगुणाबाईचा आवाज आला, पोरीला गप्प करणारा. हर्षालीने फोन सासूच्या हातात दिला असावा, कारण तो आवाज एकदम जवळ आला.

"पत्रे धरतील का गो तुमच्याकडचे?" चांगुणाबाईने विचारलं.

"आमच्याकडे ऊन पडलंय," कोकिळा म्हणाली. "तुम्ही आत बसा. दार लावून घ्या."

वादळ त्या वेळी वरच्या वर गुजरातकडे सरकलं. दोन दिवसांनी चांगुणाबाई आपल्या घरी राहायला गेली. हर्षालीने थांबा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही; जाताना तिला डब्यात भात आणि कालवण बांधून दिलं.